पुंडलिकचे साचे

पुंडलिक मला कधीच आवडला नाही, आणि आवडावा म्हणून त्यानेही कधी खटपट केली नाही. रोह्यातल्या आमच्या रसायनांच्या कंपनीत कपाटाएवढा एक कॉम्प्युटर होता. मालाची शिल्लक, ऑर्डरी, पगार, सगळं त्याच्या पोटात. त्याच्यासमोरची खुर्ची पुंडलिकची. मी शेजारच्या टेबलावर, पण त्याच्या कीबोर्डला हात लावायची मला सोय नव्हती.

१९९८ साली कंपनीला वेबसाइटची हुक्की आली. पुंडलिकने त्याच मशीनवर पानांचे टेम्प्लेट ठेवले. पानाचा सांगाडा एकदाच बांधायचा, मालाचं नाव नि शिल्लक यांच्या जागा रिकाम्या सोडायच्या. कोणी पान उघडलं की प्रोग्राम त्या जागी ताजे आकडे भरून पाठवणार. काम चोख होतं, हे नाइलाजाने म्हणते. तो त्यांना साचे म्हणायचा, कारण पेणला त्याच्या बापाचा गणपतींचा कारखाना होता. साच्यांच्या कप्प्याला त्याने पासवर्ड लावला होता. साधा फोन नंबर बदलायचा तरी त्याच्यापुढे हात पसरायचे.

"मला का देत नाही उघडून?" एकदा मी तडकून विचारलं.

"नग मागा मॅडम, पायजे तेवढे देतो. साचा नाय मिळणार."

मग त्याने सांगितलं. बापाने एका हंगामापुरता सख्ख्या भावाला साचा दिला. पुढच्या वर्षी समोरच्याच आळीत तोच गणपती, तीच सोंड, आणि स्वस्त. गिऱ्हाईक तिकडे वळलं, कारखाना बसला. "तवापासून आमच्या घरात साचा फोडतात, पण देत नाय," असं म्हणून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो साचा मीच पळवला होता. मला कीव आली नाही, डोकं फिरलं. मी काय त्याची चुलती?

त्यात हैबतराव नवे साहेब म्हणून आले, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पुंडलिक, शनिवारपर्यंत सगळे टेम्प्लेट मालतीबाईंच्या हवाली करा, नाहीतर गोदामात बसा." साचे दिले की खुर्ची गेली, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं, आणि मी मनातून खूश होते.

शनिवारी त्याने डबा खाल्ला, हात धुतले आणि माझ्यादेखत तो कप्पा पुसून टाकला. वेबसाइट कोरी. हैबतराव ओरडत आले. टेपवर कॉपी असेल म्हणून शोधाशोध झाली, पण मशीनवरच्या सगळ्याची टेपवर नक्कल काढायचं काम त्याचंच, आणि हा कप्पा त्याने टेपवर कधी जाऊच दिला नव्हता. युनियनचा कायम माणूस, काढता येईना. त्याला गोदामात पिंपांवर लेबलं चिकटवायला बसवला.

"बसा आता," जाताना तो मला म्हणाला. मी बसले.

पावसाळाभर खपून मी नवे टेम्प्लेट बांधले. डोळ्यांची वाट लागली, घरी भांडणं झाली, पण पानं उभी राहिली. मुंबई ऑफिसातून शाबासकी आली, ती हैबतरावांना. पासवर्ड मात्र मी माझा लावला, आणि टेपचं कामही माझ्याकडेच ठेवलं.

दिवाळीनंतर हैबतराव टाय लावलेल्या एका माणसाला घेऊन आले. "हे जगन, कंत्राटावर आलेत. मालतीबाई, शनिवारपर्यंत टेम्प्लेट यांच्या हवाली करा."

जगनने हसत माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग माझ्या तोंडून जे निघालं, तसं अष्टमी गावातल्या माझ्या मास्तर वडिलांच्या घरात कोणी बोलत नाही.

"नग मागा साहेब, पायजे तेवढे देते. साचा नाय मिळणार."

शनिवारी मी डबा खाल्ला, हात धुतले.

सोमवारी गोदामात पुंडलिकने लेबलांचा ढीग सरकवून मला अर्धं टेबल करून दिलं. मला तो अजूनही आवडत नाही.