वारा पडेपर्यंत

माझी सासू अल्मा मॅकिनिस हिला "कशी आहेस?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "वाईट नाही." एकतीस वर्षं शेवंडीच्या कारखान्यात उभं राहून नांग्या फोडल्या, बोटं पार वाकडी झाली, तेव्हा वाईट नाही. बर्फावर घसरून मनगट मोडलं आणि बाई कामाची पाळी संपवून मगच डॉक्टरकडे गेली, तेव्हाही वाईट नाही. सासरे गेले त्या दिवशी मी तिला जवळ घ्यायला गेले, तर मला बाजूला सारून म्हणाली, "वाईट नाही गं. चहा टाक."

आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर हे सगळे असेच. मी मूळची बेटाबाहेरच्या हॅमिल्टन शहरातली. इथं नांदायला आले त्याला तीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी मी बाहेरचीच. पण एक गोष्ट मी पहिल्याच वर्षी शिकले. इथं एकच प्रश्न दोनदा विचारायचा नाही. दोनदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं. ही रीत ज्यानं कुणी काढली, तो आज मला भेटला तर मी त्याला सोडणार नाही.

एप्रिलच्या मध्यावर अल्माला शहरातल्या इस्पितळात ठेवलं. स्वादुपिंडाचा कर्करोग, मणक्यापर्यंत पोचलेला. डॉक्टर म्हणाले, आता काही आठवडेच. किती ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही तिघांनी पाळ्या लावून घेतल्या. सकाळी धाकटा दीर एमेट, दुपारी मी, संध्याकाळी आणि रात्री माझा नवरा व्हर्नन. तिच्या उशाशी असलेली खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही, एवढंच आमच्या हातात होतं.

दिवसपाळीला मॅरिसेल नावाची नर्स असायची. फिलिपिन्सची, ठेंगणी, हसरी. ती दर काही तासांनी विचारायची, "आजी, दुखणं किती? शून्य ते दहा, सांगा."

"तीन," अल्मा म्हणायची. कधी कधी तर दोन.

मॅरिसेल लिहून घ्यायची आणि आम्हाला हायसं वाटायचं. एमेटनं एकदा तिला छेडलं, "आई, दहा म्हणजे किती, हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"तू झालास ते नऊ होतं," अल्मा म्हणाली. "डोकं केवढं होतं तुझं! आत काही नाही निघालं, तो भाग वेगळा."

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, आणि हसता हसता मधेच थांबली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

शेवंडी धरायचे पिंजरे समुद्रात टाकायचा दिवस जवळ येत होता. वर्षातून एकदाच येतो. सकाळी सहाच्या ठोक्याला धक्क्यावरच्या सगळ्या बोटी एकदम सुटतात, पिंजऱ्यांनी इतक्या लादलेल्या की आता बुडतील असं वाटावं. म्हातारे, पोरंबाळं, पाद्री, सगळा गाव धक्क्यावर असतो. जो आधी पिंजरे टाकील, समुद्राचा तो तळ त्या वर्षी त्याचा. कागदावर कुठंही नाही, पण सगळे पाळतात. अल्माच्या तरुणपणी तिचा सासरा अंथरुणाला खिळला होता, म्हणून नवरा तीन दिवस उशिरा निघाला. तोवर त्यांच्या तळावर दुसऱ्याचे पिंजरे पडले होते. तो तळ परत मिळवायला नऊ वर्षं लागली. घरात ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण प्रत्येकाला पाठ होती.

दिवस मंगळवारचा ठरला. रविवारी आम्ही तिघंही खोलीत होतो. व्हर्नन म्हणाला, "आई, यंदा आम्ही जरा उशिरा टाकावेत म्हणतो."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे? मी मरतेय का?"

एमेट खिडकीबाहेर बघत राहिला.

"बोल की रे. बोटीवर तर मोठ्या तोंडानं ओरडत असतोस. मरतेय का मी?"

"नाही गं आई."

"मग जायचं. तिघांनीही. हिच्याशिवाय आमिष कोण लावणार? आणि माझ्यापाशी गावातलं कुणी आणून बसवू नका, त्या दिवशी कुणाला सवड नसते. मी झोपून काढीन."

विषय संपला. दोनदा विचारायचं नाही ना!

आणि मग वारा सुटला. मंगळवारी बोटी निघणार नाहीत असं सोमवारीच कळलं. मग बुधवारही गेला. व्हर्नन रोज धक्क्यावर जाऊन वाऱ्याला शिव्या घालून यायचा, आणि संध्याकाळी आईजवळ बसून म्हणायचा, "बरंच झालं म्हणा, तुझ्याजवळ बसायला दोन दिवस जास्तीचे मिळाले."

"हो," अल्मा म्हणायची.

इस्पितळासमोर झेंड्याची काठी होती. दुपारभर ती मला विचारायची, "झेंडा बघ गं. वारा पडतोय का?" मला वाटलं, बाईचा जीव अजून बोटीतच अडकलाय. बुधवारी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिनं पलंगाचा कठडा धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती, वरच्या ओठावर घाम, आणि खालचा ओठ आतून चावून सुजलेला. मी विचारलं, "दुखतंय का?"

"वाईट नाही. झेंडा बघ."

मी झेंडा बघितला. हे मी सांगूनच टाकते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मला दिसलं होतं. तिचा ओठ मला दिसला होता आणि मी झेंडा बघितला, कारण मलाही पिंजरे टाकायला जायचं होतं. दोन आठवडे त्या खोलीत बसून मी विटले होते, मला एक दिवस मोकळी हवा हवी होती.

गुरुवारी वारा पडला. आम्ही सहाला सुटलो, दोन खेपांत तीनशे पिंजरे टाकले, आणि अंगावरचे बोटीवरचे मेणकापडाचे कपडेही न उतरवता तसेच इस्पितळात गेलो. साडेतीन वाजले होते. अल्मा झोपली होती. दंडाला एक नळी, आणि नळीला लहानसा पंप.

मॅरिसेलचे डोळे लाल होते. ती व्हर्ननकडे न बघता माझ्याशी बोलली.

"सकाळी सातला माझी पाळी सुरू झाली. आजींनी रेडिओ लावायला सांगितला. बोटी निघाल्याची बातमी ऐकली आणि मला म्हणाल्या, आता लिही, दहा. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाल्या, रविवारपासून."

"रविवारपासून?" व्हर्नन म्हणाला.

"त्यांनी मला आधी एकदा विचारलं होतं, दहा सांगितलं तर काय करता? मी सांगितलं होतं की हा पंप लावतो, मग माणूस बहुतेक झोपूनच असतं, आणि घरच्यांना बोलावून घेतो. मला काय माहीत, त्या कशासाठी विचारतायत!" तिनं पंपाकडे बघितलं. "आज लिहून घेतल्यावर त्या ओरडायला लागल्या. पंप चालू होऊन औषध चढेपर्यंत ओरडत होत्या. त्यातच माझा हात धरून बजावलं, पिंजरे पडेपर्यंत पोरांना फोन करायचा नाही म्हणून."

"उठेल ना पण?" एमेटनं विचारलं.

मॅरिसेलनं नाही म्हणून मान हलवली.

"मी रोज विचारत होतो," व्हर्नन म्हणाला. "रोज येऊन विचारत होतो तिला."

"हो, विचारत होतास," मी म्हटलं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि स्वतःच्याही.

एमेट तिच्या कानाशी वाकला. त्याच्या अंगाला आमिषाच्या मासळीचा वास येत होता. "आई, सगळे टाकले. बाबांच्या तळावरच टाकले." ती हलली नाही. त्यानं तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी व्हर्नननं त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

शनिवारी सकाळी अकराला ती गेली. आम्ही तिघंही जवळ होतो. दफन झाल्यावर चर्चच्या सभागृहात बायकांनी चहा आणि काकवीची बिस्किटं मांडली होती. जो तो येऊन हात हातात घेत होता आणि म्हणत होता, "एवढं तरी बरं झालं, सगळे जवळ होतात." व्हर्नन सगळ्यांना "हो" म्हणत होता. मी माझा चहा तसाच ठेवून दिला.

जवळ होतो, खरंच होतो. रविवारपासून बुधवारपर्यंत आम्ही पाळीपाळीनं तिच्या उशाशी बसलो, खुर्ची एकदाही रिकामी ठेवली नाही. आणि ती बाई आम्ही कधी एकदा जातो आणि आपल्याला ओरडता येतं, ह्याची वाट बघत होती.