तिचा वाळूतला झरा

चैत्र शुद्ध दशमी, गुरुवार. नदीकाठच्या आमच्या गावात संस्थानच्या दरबाराने बांधलेली विहीर आज सकाळी खुली झाली. नारळ फुटला, मुलांना गूळ वाटला. शाळेचा मास्तर म्हणून पहिली बादली मलाच ओढायला लावली.

गावात शाळा आहे, टपालपेटी आहे, मंगळवारी कंपाउंडर औषधं घेऊन येतात. विहिरीची तेवढी उणीव होती... माझी पत्नी माघात तापाने गेली. तिला विहीर पाहायला मिळाली नाही.

पाऊस सरला की इथे घरोघरच्या बायका नदीच्या वाळूत आपापला झरा खणतात. ती तिथूनच पाणी आणायची. एका हंड्याला तास लागे आणि मी चिडायचो. "गप्पा मारत बसतेस," असं एकदा बोललोही. ती हंडा उतरवून चुलीकडे वळली.

दुपारी तांब्या घेऊन नदीवर गेलो. झरा एव्हाना बुजला असेल, जागा तरी पाहून यावी, एवढंच मनात होतं. पण झरा काठोकाठ भरलेला... शेजारी तिची करवंटीही तशीच. मी तांब्या बुडवला.

"ओ मास्तर! शिळं पानी पिता काय?" पलीकडच्या झऱ्यावरून पाड्यावरची काळूआजी ओरडली. "आधी समदं उपसून फेका."

मी उपसलं. तळाला नुसती ओली वाळू राहिली. "आता?"

"आता बसा. झिरपंल तवा झिरपंल. शाळा शिकवता नि येवढं ठाव नाय?"

हा बुजला कसा नाही, असं मी विचारलं.

"आमी बाया रोज उपसतो. तुमची विहीर वर शाळेपाशी, आमचा पाडा खाली. आमाला झरंच बरं." आजीने करवंटीतलं पाणी हंड्यात ओतलं. "कोन बाळंतीन, कोन आजारी... त्यांचं झरं तुमची बायच उपसून ठेवायची. मंग तिचा कसा बुजू द्यायचा?"

तो तास कुठे जायचा, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं... या बायांनी तिचा झरा कुणी न सांगता सांभाळला. त्यांचे उपकार कसे फेडावेत, कळत नाही.

आजी हंडा घेऊन पाड्याकडे निघाली. जाताना म्हणाली, सून आजारी आहे, तिचा हा शेजारचा झरा उद्या बघेन.

माझ्या पत्नीच्या झऱ्यात पाणी यायला अजून वेळ होता. मी करवंटी घेतली आणि आजीच्या सुनेचा झरा उपसायला बसलो.