तळघरातून घरी लागणारा फोन

मारुतीराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी माणमधल्या एका कंपनीच्या इमारतीत होतो. तसाच त्यांच्या गावी, मालेला, अंत्यविधीला गेलो, पण त्यांच्या पत्नीसमोर, हिराबाईंसमोर, उभं राहायचं धाडस झालं नाही. मागच्या मागे गाडी काढली. त्याला सहा आठवडे झाले. का पळालो, ते आज लिहितो आहे.

मोठ्या इमारतींच्या आत मोबाईलची रेंज पोचवणं हे आमचं काम. एका खोलीत कपाटाएवढा रॅक उभा करायचा आणि तिथून मजल्यामजल्यावरच्या छोट्या अँटेनांना सिग्नल द्यायचा. मी वाशिमहून आलेला इंजिनिअर. मारुतीराव भातशेती सांभाळून येणारे टेक्निशियन, वयानं माझ्याहून मोठे. नवा रॅक सुरू करावा तो त्यांनीच. आधी सगळी बटणं खाली, मग प्रत्येक केबल हातानं चाचपायची, मग मेन चालू. एकेका युनिटच्या पंख्यापुढे ते तळहात धरायचे. वारा लागला, दिवा हिरवा झाला, की मगच पुढचं युनिट. मी घाई केली की म्हणायचे, "सायेब, माणूस तरी उठल्या उठल्या पळतंय व्हय? जरा डोळं चोळू द्या त्याला."

रॅक सुरू झाला की चाचणी. एक फोन लावून, तो चालू ठेवून सगळे मजले, जिने, तळघर हिंडायचं आणि आवाज कुठे तुटतो ते नकाशावर मांडायचं. पलीकडे कोणीतरी बोलत राहायला हवं. मारुतीराव तो फोन घरी हिराबाईंना लावायचे, स्पीकरवर.

"कुटवर आलाय?"

"तळघरात. तू बोल."

"आन् काय बोलू? म्हशीनं आज पान्हा चोरला. जेवलाय का न्हाई?"

"तुजी बडबड तुटंना म्हंजी रेंज झ्याक हाय."

एकदा ग्राहक कंपनीचा अधिकारी सोबत होता. तो हसला आणि मला लाज वाटली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मारुतीराव, हे घरगुती प्रकार बंद करा. ऑफिसचा रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा नंबर आहे, तो लावत जा." ते "बरं" एवढंच म्हणाले. पुढची दोन वर्षं, आजारी पडेपर्यंत, ते कानाला तो आवाज लावून मुकाट हिंडले... मी बघत होतो. 'घरी लावा' म्हणायला मला काय लागणार होतं? म्हणालो नाही.

गेल्या रविवारी मालेला गेलो. हिराबाईंनी चहा ठेवला. बोलता बोलता म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, कामावरनं फोन करायचं त्यांनी सोडलं व्हतं. इचारलं तर म्हनायचे, काम लई हाय. मला वाटलं, माज्या बोलन्याचा कटाळा आला आसंल."

फोन मी बंद करायला लावला, हे मारुतीरावांनी घरी सांगितलंच नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं, त्या अधिकाऱ्याच्या हसण्यासकट.

खुंटीवर मारुतीरावांचा कंपनीचा शर्ट होता, खिशाला ओळखपत्र तसंच. हिराबाई त्या शर्टाकडे वळल्या. "येवढं सांगायला काय झालं व्हतं तुमाला? मी आपली रुसून बसले..." मग आवाज हळूहळू सैल झाला. "खालच्या खाचरात पानी लई साचलंय. बांध फोडाय लागंल. तुमच्या भावाला सांगितलंय, पर त्यो कवा ऐकतुया..."

चहा गार होत होता. त्या बोलत होत्या, आणि या वेळी मी मध्ये आलो नाही.