पूजेला बसलेली शिडी

उंचावर चढून काम करणं हा माझा धंदा आहे आणि गेल्या खंडेनवमीला मी माझ्याच घराच्या छतावर दोन तास अडकून पडलो होतो.

मी नाशकात सोलर वॉटर हीटर बसवतो. पूर्वी गिऱ्हाइकाकडे असेल त्या शिडीवर चढायचो. दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडला अशाच एका शिडीने ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि मी थेट गुलाबाच्या वाफ्यात आलो. (काटे वेगळे मोजले!) डावा पाय तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता. त्या तीन महिन्यांत माझी बायको मंगल हिने घर सांभाळलं, गिऱ्हाइकांचे फोन सांभाळले आणि मलाही सांभाळलं. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं, असं ती म्हणते. तेव्हापासून मी बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी ती हातातलं काम टाकून येते आणि स्टूल धरून उभी राहते. बोलत काही नाही, फक्त धरते.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तिने जाहीर केलं, "आता आपली स्वतःची शिडी. आणि ती न्यायला स्वतःची गाडी. नाहीतर उंचावरची कामं बंद!"

गाडी मिळाली मनमाडला. सेकंडहँड, पण इंजिन ठणठणीत असलेली पिकअप. सरकवून लांब होणारी ॲल्युमिनियमची नवी शिडीही घेतली. आता प्रश्न होता शिडी ठेवायच्या कॅरियरचा आणि केबिनच्या पाठीमागच्या जाळीचा. ही जाळी फार महत्त्वाची. जोरात ब्रेक लागला की हौद्यातले पाइप पुढे सरकतात आणि ती नसेल तर काच फोडून आपल्या डोक्यात येतात.

मी रात्रंदिवस परदेशी व्हिडिओ बघून एक कॅरियर पसंत केलं होतं. काळंभोर, नाजूक, मागे निमुळतं होत जाणारं. जाळी म्हणाल तर षटकोनी नक्षीची! तसला माल नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मिळाला. मी मंगलला दाखवायला नेलं.

"कसं आहे?"

तिने एका हाताने ते हलवलं. दुकानातली बाकीची कॅरियरंही हलली.

"दिसायला छान आहे," ती म्हणाली. "तुम्हीपण दिसायला छानच होता, पाय मोडला त्या दिवशी."

मग तिने आपल्या वडिलांना फोन लावला. आमचे तात्या म्हणजे निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू द्राक्षाचा मांडव पेलेल एवढी मजबूत हवी. दुसऱ्याच दिवशी ते ट्रॉलीभर लोखंडी अँगल घेऊन दारात हजर!

"जावईबापू, जुनी बाग काढली ना, त्याचे हायेत. पंधरा वर्सं वादळात उभे व्हते. तुमची शिडी काय लय जड नाय त्यांना."

"तात्या, पण गाडी जड होईल. ॲव्हरेज पडेल."

"ॲव्हरेज पडू द्या. तुम्ही पडू नका."

आम्ही अंबडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. मी मोबाइलमधला फोटो दाखवत होतो, तात्या खडूने जमिनीवर चित्र काढत होते आणि तो बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघून मान हलवत होता. शेवटी त्याने मोबाइल मला परत दिला आणि खडूचं चित्र टेपने मोजायला घेतलं.

"उंची एवढी कशाला?" मी विचारलं. कॅरियर जमिनीपासून आठ फुटांवर जात होतं.

"खाली बसून भाकर खाता आली पाहिजे," तात्या म्हणाले. "उन्हाचं कुठं जाता?"

"आणि जाळीला एवढ्या जाड आडव्या पट्ट्या?"

"मंगल केबिनमधी बसती का नाय तुमच्याशेजारी?"

बसते. पाइप मोजून घ्यायला आणि माझ्यावर लक्ष ठेवायला ती प्रत्येक कामावर येते. मी खडूच्या चित्राला मान डोलावली. पण मनातून धुसफुसत होतो, हे आता कबूल करतो. चार दिवसांनी गाडी गल्लीत आली तेव्हा समोरचे शिरसाठकाका (रंगकामाचे मोठे कंत्राटदार) बाहेर येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दिलीपभाऊ, यंदा मांडवावर द्राक्षं थॉमसन लावताय का सोनाका?"

सगळी गल्ली हसली. तात्याही हसले. मी हसल्यासारखं केलं.

आणि खंडेनवमी आली. आमची गल्ली कामकरी लोकांची. कोणी रंगारी, कोणी वायरमन, कोणी मांडव घालणारे. त्या दिवशी प्रत्येक दारात हत्यारं धुऊनपुसून मांडलेली असतात. आम्हीही पाने, पकडी, ड्रिल सगळं मांडलं. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, कॅरियरवरच्या शिडीच्या पायऱ्यापायऱ्यांना हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्या घरी नियम कडक. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

तात्या खास निफाडहून जेवायला आले होते. पुरण शिजत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी वरची टाकी भरून वाहायला लागली! आमचं बैठं घर, वर जायला जिना नाही. प्लंबिंगच्या माणसाच्या घरची टाकी गल्लीभर वाहतेय, म्हणजे अब्रूचाच प्रश्न.

"नुसता बॉल अडकलाय," मी म्हणालो. "हाताने सोडवतो. हात काही हत्यार नाही."

मंगलने क्षणभर विचार करून हाताला परवानगी दिली. आमच्या शिडीला मात्र नाही. तेव्हा शिरसाठकाकांच्या भिंतीला टेकवलेली त्यांची अजून पूजेला न बसलेली जुनी लाकडी शिडी मी आणली (विचारलं नाही, शेजारधर्म!) आणि ती मंगलने धरली. मी वर पोचल्यावरच ती पुरणाकडे गेली. मी टाकीत डोकं घातलं. बॉल सुटला, पाणी थांबलं. मोठ्या समाधानाने डोकं बाहेर काढून कडेला आलो, तर शिडी नाही!

खाली शिरसाठकाका स्वतःच्या दारात त्या शिडीला कुंकू लावत होते.

"काका! शिडी!"

"अरे, तू वर होतास?" ते दचकले. "मी हाक मारली होती. पण आता रे? आत्ताच हळदकुंकू झालं तिला."

"मग मी उतरू कसा?"

काकांनी पूजेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गल्लीला हाक मारली. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. त्यात वायरमनकडे शिडी होती, पूजेला बसलेली. मांडववाल्यांकडे चार होत्या, चारही पूजेला बसलेल्या! नाशकात त्या दिवशी मोकळी शिडी मिळणं अशक्यच दिसत होतं.

"अग्निशामक दलाला बोलवा," कोणीतरी सुचवलं.

"त्यांची शिडीपण आज पूजेला असेल," वायरमन म्हणाला, आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

कोणी टेबलावर टेबल रचून बघितलं, ते हललं. कोणी घोंगडी ताणून धरतो म्हणालं. शिरसाठकाकूंनी वर फेकलेल्या दोरीला पिशवी बांधून मला वर गरमागरम भजी पाठवली, म्हणजे माझी सुटका लवकर होणार नाही हे त्यांनी धरलंच होतं. दीड तास गेला. शेवटी मला राग आला.

"दहा फूट तर आहे! मारतो उडी!"

"नाही!"

मंगल ओरडली. पुरणाचा हात तसाच होता आणि चेहरा पांढरा पडला होता. स्टूल धरताना ती रोज काय मनात धरते, ते मला त्या क्षणी वरून स्वच्छ दिसलं. मी मुकाट्याने मागे सरकलो.

शिरसाठकाका हात चोळत म्हणाले, "जाऊ दे पोरी, घे आमची शिडी. देव समजून घेईल."

पण मंगल गाडीकडे बघत होती. "तात्या, गाडीची पूजा झाल्यावर गाडी चालवतात ना? लिंबावरून?"

"चालवायचीच अस्ती," तात्या म्हणाले. "त्याबिगर पूजा पुरी व्हत नाय."

तिने हात पदराला पुसले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची, हे मी विसरलोच होतो. गल्लीने "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं!" असा एकच गलका केला. लिंबं फुटून मागे उडाली, गाडी इंच इंच मागे आली आणि छताच्या कडेला चिकटून उभी राहिली. माझ्या पायांखाली जेमतेम दोन फुटांवर तात्यांचं कॅरियर होतं.

"पाय शिडीला लावू नका!" तात्या ओरडले. "अँगलवर ठेवा! बिनधास्त ठेवा!"

मी पाय ठेवला. सगळं वजन टाकलं. माझं वजन थोडंथोडकं नाही, पण ते लोखंड हूं की चूं करेना. तिथून जाळीच्या जाड पट्ट्यांवर एकेक पाय देत मी हौद्यात उतरलो. षटकोनी नक्षीत माझा अंगठासुद्धा मावला नसता! मी हौद्यातूनच हात जोडले.

"तात्या, मी मनात तुम्हाला फार बोललोय. चुकलो. तुमचे उपकार आहेत."

"उपकार कसले," तात्या म्हणाले. "अँगल पडूनच व्हते."

त्यांचे डोळे मात्र ओले झाले होते. माझेही झाले होते. समोर पंधरा माणसं आपापली पूजा आणि जेवणं टाकून उभी होती, आणि मंगल केबिनमधून उतरून मागे येत होती. एवढी माणसं आपल्या पडण्याची काळजी करतात, याने मला फार भरून आलं. गळ्यात झेंडूची एक माळ अडकली होती ती तशीच ठेवून मी हौद्याच्या मागच्या फाळक्यावर उभा राहिलो आणि विजयी वीरासारखं जमिनीवर पाऊल टाकलं.

ते नेमकं फुटलेल्या लिंबावर पडलं.

दहा फुटांवरून सुखरूप उतरलेला मी, शेवटच्या दोन फुटांत सपशेल आडवा झालो! मंगल धावत आली, तिने माझा पाय चाचपला, गुडघा वाकवून बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत माझ्या पडण्यावर ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून तिचं हसू थांबेपर्यंत मी जागचा उठलो नाही.

(उठता येत नव्हतं. पण ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.)