हायवे, एकतीस पोरं आणि आमची ओळ

चार शिक्षक एकत्र बसले की पगार, बदल्या आणि ऑनलाइन माहिती या तीनच विषयांवर बोलतात, असा लोकांचा समज आहे. खोटा नाही तो. पण आमच्या शाळेत हे तिन्ही विषय चहा उकळेपर्यंत संपायचे, आणि कपात चहा पडला की हायवे सुरू व्हायचा! एकानं काही सांगितलं की दुसरा लगेच म्हणणार, "हे काहीच नाही, त्या टँकरवाल्याचं ऐका!" शेवटी हेडसर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे.

मी राहायला डहाणूत, शाळा तलासरी तालुक्यात. २०१५ ते २०१९ मी तिथे होते. माझ्या आधीच्या शाळेत किस्से वर्गात घडायचे, इथे रस्त्यावर. परवा जुने सहकारी भेटले, तर दोन तास आम्ही फक्त हायवे ओलांडत होतो. म्हटलं, लिहून टाकू एकदाचं.

आधी रस्ता कळू दे. शाळा हायवेच्या या अंगाला, दोन पाडे त्या अंगाला. मध्ये मुंबई-अहमदाबाद, रात्रंदिवस ट्रेलर आणि टँकर. दुभाजकाला एका ढाब्यासमोर फट होती. त्या फटीतून एकतीस मुलं रोज शाळेत यायची, बरीचशी सायकली घेऊन. सायकली काही योजनेतल्या, काही मोठ्या भावाच्या. काहींना ब्रेक होते, काहींना नुसतीच घंटी.

एक दिवस एका टेम्पोनं सहावीतल्या जमनाच्या सायकलचं मागचं मडगार्ड ओरबाडलं. पोरगी कडेच्या गवतात पडली. खरचटलंसुद्धा नाही, पण संध्याकाळी तिचे वडील देवजी शाळेत आले. देवजी उंबरगावला कंपनीत कामाला. शांत माणूस, पण दोन्ही पाड्यांत त्यांचा शब्द शेवटचा. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, शिकून पोर मोठी होईल, मान्य. पण शाळेत पोचाया त पायजे ना? आता एक जरी पोर पडलं, त दोनी पाड्यांची पोरां घरात. आन् माझी जमना पहिली."

जमना त्यांच्यामागे उभी होती. वर्गात एक मिनिट गप्प न बसणारी पोरगी अंगठ्यानं जमीन उकरत होती. मी स्वतः डहाणूच्या बाजारात नवऱ्याचा शर्ट धरून रस्ता ओलांडणारी बाई! तरी तोंडातून निघून गेलं, "एकही पडणार नाही. माझी जबाबदारी."

हेडसरांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेले नाही.

* * *

तर दुसऱ्या दिवसापासून 'ओळ' सुरू झाली. सगळ्यांनी रस्त्याच्या अलीकडे थांबायचं. सायकलवरून उतरायचं. मोठ्यांनी सायकल ढकलत न्यायची, लहानग्यांनी एकेका सायकलच्या कॅरिअरला धरायचं. आधी उजवीकडे बघून दुभाजकापर्यंत, तिथे पुन्हा थांबायचं, मग डावीकडे बघून पुढचा अर्धा. पुढे एक शिक्षक लाल झेंडा घेऊन, मागे एक. मी वर्गात हे इतक्या वेळा घोकून घेतलं की पहिलीची पोरं पाढ्यांच्या आधी ओळीचे नियम म्हणायला शिकली.

तिसऱ्याच दिवशी बघते तर जमना सायकल ढकलत येतेय आणि कॅरिअरवर तिचा धाकटा भाऊ जान्या, दुसरीतला, मांडी घालून बसलाय. पालखीत बसल्यासारखा! दोन्ही बाजूंना ट्रक थांबलेत आणि हा ड्रायव्हर लोकांना हात हलवतोय.

पलीकडे पोचल्यावर मी ओरडले, "जान्या, नियम काय आहे? हायवेवर सायकलवर बसायचं नाही!"

"मी चालवत नव्हतो, बाई. मी नुसता बसलेलो."

"उतरून चालायला काय होतं तुला?"

तो शांतपणे म्हणाला, "तुमीच काल सांगितलं ना, लहान पोरांनी हायवेवर पायसुद्धा ठेवायचा नाय!"

मी नियम बदलला.

* * *

आमचे मोरे सर पीटी घ्यायचे. आवाज खणखणीत, शिट्टी त्याहून खणखणीत. झेंड्याकडे ड्रायव्हर बघत नाहीत, शिट्टी मात्र दोन किलोमीटरवर ऐकू जाते, असं त्यांचं म्हणणं. एके दिवशी त्यांची पाळी होती. ओळ पहिला अर्धा रस्ता ओलांडत असताना लांबून एक ट्रेलर येताना दिसला. सर पुढे झाले, हात वर केला आणि छाती फुटेस्तोवर शिट्टी मारली.

ट्रेलर थांबला की नाही ते नंतर. आधी एकतीस पोरं थांबली! भर हायवेवर, टाचा जुळवून, नजर समोर, सावधान! वर्षभर सरांनी मैदानावर हेच तर शिकवलं होतं. एक लांब शिट्टी म्हणजे सावधान. ज्यांच्या हातात सायकली नव्हत्या, त्यांनी मुठी मांड्यांना चिकटवल्या. सर ओरडतायत, "चला, चला, पळा!" आणि पोरं पापणी हलवायला तयार नाहीत, कारण सावधानमध्ये हलणाऱ्याला सर मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचे.

ट्रेलर दहा हातांवर थांबला होता. मी मागच्या टोकाला उभी, डोळ्यांपुढे देवजी. सरदारजी ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पोरांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्टरजी, पहले इनको विश्राम तो बोलो!"

दुपारपर्यंत बातमी पाड्यावर. संध्याकाळी निरोप आला, "देवजीनं विचारलंय, कोन पडलं का?" कोणी पडलं नव्हतं. मोरे सरांची शिट्टी हेडसरांनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली.

* * *

शिट्टी गेली, झेंड्याला कोणी विचारत नाही, मग गाड्या थांबवायच्या कशा? हा प्रश्न पोरांनीच सोडवला. आम्हाला न विचारता.

झालं असं की सर्वेक्षणाच्या कामामुळे आठवडाभर सकाळची ओळ मोठ्या पोरांवर सोपवली होती, आणि सलग चार दिवस ती उशिरा यायला लागली. एकदा अकरा वाजले. विचारलं तर एकच उत्तर, "गाय आली नव्हती."

चौकशी केली. पाड्यावरची एक तांबडी गाय रोज चरायला हायवे ओलांडून यायची. डुलत, रवंथ करत, मध्येच थांबून. तिच्यासाठी गुजरातचे, राजस्थानचे, हरियाणाचे, सगळ्या राज्यांचे ट्रक गपगुमान ब्रेक मारायचे. कोणी हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. एकानं तर हात जोडलेले मी स्वतः पाहिले. पोरांनी हिशेब सोपा केला. गाय पुढे, ओळ मागे!

मोरे सरांना ते फार लागलं. "डी.एड. केलं, बी.पी.एड. केलं, बारा वर्षं नोकरी केली, आणि गाडी थांबते गाईसाठी!"

हेडसर चिडले. परिपाठाला पोरांना म्हणाले, "गाय आजारी पडली तर शाळेला सुट्टी द्यायची का? आपण माणसं आहोत. माणसासारखं बघून, थांबून रस्ता ओलांडायचा. उद्यापासून गाईची वाट बघणं बंद!" पोरांनी माना डोलावल्या.

पुढच्या आठवड्यात हेडसर पाड्यावर पालकभेटीला गेले होते. साडेदहा झाले, हेडसर नाहीत. पावणेअकरा झाले. मी गेटपर्यंत जाऊन पाहिलं, तर पलीकडच्या बाजूला हेडसर मोटारसायकलला टेकून उभे. मी फोन लावला, "सर, काय झालं? गाडी बंद पडली का?"

"नाही हो बाई," पलीकडून दबक्या आवाजात, "ती तांबडी दिसतेय का कुठे तुमच्या बाजूला?"

* * *

एकदा तालुक्याहून मोठे साहेब आले. रस्ता सुरक्षेवर मुलांना मार्गदर्शन करायला. गाडी पलीकडे उभी करावी लागली, कारण आमच्या बाजूला यायचं तर पाच किलोमीटर पुढे जाऊन वळावं लागतं. ते नेमके ओळीच्या वेळेला आले आणि ओळीतूनच इकडे आले. त्यांना वाटलं, स्वागताची पद्धत आहे.

भाषण छान झालं. "बाळांनो, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं. काही शंका?"

जान्याचा हात वर. "साहेब, ढाब्यावर जाणारे ट्रक उलटेपन येतात."

"मग डावीकडे पुन्हा बघायचं."

"आन् रिव्हर्स आला त?"

साहेबांनी रुमालानं चेहरा पुसला. म्हणाले, "बाळ, तू काय करतोस?"

"मी जमनाबायकडं बघतो. ती गेली का मी जातो."

टाळ्या झाल्या, नारळ झाला, फोटो झाला. साहेब निघाले. पोरं वर्गात गेली. मी फळ्यावर लिहायला घेतलं. पंधरा-वीस मिनिटांनी दारात कोणीतरी खाकरलं. साहेब! बूट धुळीनं माखलेले, घाम आलेला.

"बाई," ते म्हणाले, "ती जमना कुठल्या वर्गात आहे?"

* * *

हायवे हळूहळू माझ्या अंगातच भिनला. झोपेत मी नवऱ्याला "उजवीकडे बघ" म्हणते, असं तो सांगतो. त्याचं सोडा. एका रविवारी आम्ही डहाणूत इराणी रोडवर भाजी घेत होतो. नवरा मागे टोमॅटो निवडत होता. रस्ता ओलांडायला मी पुढे झाले. शेजारी तोही आला असं समजून मी न बघताच त्याचं मनगट पकडलं, दुसरा हात रिक्षावाल्यांना दाखवला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "पळायचं नाही! बोलायचं नाही! माझ्या मागे!"

पलीकडे पोचल्यावर वळून पाहिलं, तर तो नवरा नव्हता. ते नवऱ्याचे रेल्वे स्टेशनातले साहेब होते! बिचारे दोन पिशव्या छातीशी धरून एक शब्द न बोलता आले होते.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण माणूस सज्जन. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर नवऱ्याला एवढंच म्हणाले, "वहिनींना सांगा, मला खरं तर त्या बाजूला जायचंच नव्हतं."

* * *

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी रोज सकाळी शेवटचं चाक गेटच्या आत येईपर्यंत मी पोरं मोजत असायचे. एकतीस मोजल्याशिवाय मी हजेरी घेतली नाही. देवजींचा शब्द डोक्यावर टांगलेलाच होता. ते दर दोन-तीन महिन्यांनी निरोप पाठवायचे, "कोन पडलं का?" आणि आम्ही कळवायचो, "नाही." एवढाच आमचा पत्रव्यवहार.

तोवर जमना आठवीत गेली. शाळेतलं शेवटचं वर्ष. लाल झेंडा मी तिच्या हातात दिला होता, कारण ती माझ्यापेक्षा चांगली थांबायची. कितीही मोकळा रस्ता दिसला तरी दोन्ही बाजू बघितल्याशिवाय पोरगी हलायची नाही.

शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे ओळ सातलाच हायवेला लागायची. मी आदल्या रात्री पाड्यावरच्या अंगणवाडीताईंकडे मुक्कामाला होते, म्हणून त्या दिवशी ओळीच्या मागच्या टोकाला मी. जमना झेंडा घेऊन पुढे उभी. टँकरांची रांगच्या रांग चालली होती आणि आम्ही वाट बघत होतो.

एवढ्यात मागून घंटी वाजली. देवजी! उंबरगावला आठची पाळी. हँडलला डबा अडकवलेला, सायकल जोरात. इतर दिवशी आम्ही यायच्या कितीतरी आधी ते निघून जायचे, म्हणून रस्त्यावर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळीच्या बाजूनं ते सुसाट पुढे आले आणि दोन टँकरांच्या मधल्या जागेत घुसायला पॅडल मारणार, इतक्यात जमनानं झेंड्याची काठी त्यांच्या हँडलवर आडवी टाकली.

"बाबा, उतर खाली!"

देवजींनी एक पाय टेकवला. "बाजूला हो, जमने. पाळी चुकल माझी."

"उतर. ओळीत ये."

मागची तीस पोरं बघत होती. मग पहिलीच्या पोरांनी, कोणी न सांगता, एका सुरात सुरू केलं, "थांबायचं! उतरायचं! ढकलत न्यायचं!"

देवजींनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाकडे बघावं तसं. मी पोरं मोजायला लागले.

देवजी उतरले. सायकल वळवून ओळीच्या शेवटी, माझ्यापुढे येऊन उभे राहिले. पहिलीतल्या एका चिमुरडीनं त्यांच्या कॅरिअरला घट्ट धरलं, कारण नियम तसा होता. सहा-सात मिनिटं टँकर संपेचनात. मग झेंडा वर गेला. अर्धा रस्ता, दुभाजक, पुन्हा थांबणं, पुढचा अर्धा. पलीकडे पोचल्यावर त्यांनी चिमुरडीची बोटं हळूच सोडवली आणि सायकलवर टांग टाकली.

जमना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज मघासारखा नव्हता.

"बाबा, येताना तुझ्यासंगं कोन असतं?"

देवजींनी डबा नीट अडकवला आणि ते निघून गेले.

सोमवारी पाचला शाळा सुटली. ओळ घेऊन आम्ही हायवेला आलो, तर रस्त्याच्या अलीकडे एक माणूस सायकल हातात धरून उभा होता. आमची वाट बघत किती वेळ उभा होता कोण जाणे. कंपनीची धूळ अंगावर तशीच.

"बाई," देवजी म्हणाले, "मी कोनाच्या मागं उभा राहू?"