दुखत होती ती कंबर नव्हती

मी सरळच लिहिते. सायकलच्या सीटवर तासभर बसलं की बाईला जिथं दुखतं, त्या जागेला आमच्या घरात नाव नाही. माहेरी नव्हतं, सासरी तर नाहीच. माझे वडील जळगावकडून देवासला कारखान्यात नोकरीला आले, कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या, तिथं आम्ही वाढलो. मी कॉलेजात गेले, बी.कॉम. झाले, विम्याच्या ऑफिसात लागले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी मिरवते आणि पुढेही मिरवणार. पण त्या पदवीनंही तो शब्द तोंडात घालून दिला नव्हता. म्हणून पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी म्हटलं, कंबर दुखते. त्या एका वाक्यापायी माझा अख्खा पावसाळा वाया गेला.

ट्रायथलॉनचं खूळ मी चाळिशीच्या तोंडावर डोक्यात घेतलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मधे दम खायला बसायचं नाही. पोहायला मी बरी होते. पळायला टेकडीखालचा रस्ता होता. सायकल मात्र नव्वद किलोमीटर, आणि तीही हँडलवर बसवलेल्या दोन दांड्यांवर कोपरं टेकून, अंगावर वारा अडू नये म्हणून पार खाली वाकून. डिसेंबरात महाराष्ट्रातल्या एका धरणावर स्पर्धा होती. मी नाव नोंदवलं. घरी विचारलं नाही, सांगितलं.

आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. बहुतेक पुरुष, आम्ही चार-पाच बायका. त्यात एक इंजिनिअर आहेत, त्यांना सगळे कप्तान म्हणतात. माणूस वाईट नाही, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार असतं.

"कप्तान, माझी कंबर फार दुखते हो."

"वहिनी, तुम्ही पुढे घसरता, त्यानं कंबरेवर ताण येतो. सीटचं नाक थोडं वर करू. टेकू मिळेल."

त्यांनी स्वतः पाना घेऊन नाक वर केलं. म्हणजे जिथं दुखत होतं नेमकं तिथंच ते आता वर टोचायला लागलं. पुढच्या आठवड्यात विचारलं, "काय वहिनी, कंबर?" मी म्हटलं, "जरा बरी आहे." खरंच बरी होती. तिला कधी काही झालंच नव्हतं.

मग घरभर कंबरेची सेवा सुरू झाली. सासूबाई तेल गरम करून चोळायच्या. नवऱ्यानं कंबरेला बांधायचा पट्टा आणला. सायकलच्या दुकानातून मी स्वतः सीटवर घालायचं जाड, लिबलिबीत कव्हर घेतलं. ते तर सगळ्यात वाईट. मऊ गादीत माणूस रुतत जातो आणि तिचा मधला भाग वर येऊन दाबतो. सायकलवरून उतरले की खालचं अंग बधिर असायचं, आणि जाग यायची ती आगीसारखी. आंघोळीचं पाणी झोंबायचं. ऑफिसात खुर्चीवर टेकवेना, म्हणून मी काउंटरपाशी उभी राहून फायली बघायचे. शेजारच्या टेबलावरचे साहेब एकदा हळूच म्हणाले, "मॅडम, पाइल्स है क्या? शरमाना नहीं, मेरे को भी था."

नवरा म्हणाला, "नाव काढून घे. शरीरच नाही म्हणतंय, तर जबरदस्ती कशाला?"

त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं होतं, तेवढ्यावर तो बरोबरच बोलत होता. पण नाव काढायचं म्हणजे कायमचंच, हे मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी सगळे म्हणाले असते, तुझी कंबर कुठं ऐकते. आणि कंबर म्हणणारी मीच.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मी धारला वन्संकडे होते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, अजून जुन्या वळणाचं मराठी बोलतात. मांडूच्या चढावर सराव करायला मी त्यांच्याकडे सायकल ठेवायचे. त्या दिवशी वाटेतल्या नालछ्याच्या पुढं जाववलंच नाही. परत फिरले आणि मधल्या खोलीत आले, तर वन्सं पाटावर गणपती करत बसलेल्या. दरवर्षी हातानं करतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कंबर दुखणारी बाई कंबर धरून येते. तूं पाय फाकवून आलीस."

मी हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं.

"कुठं दुखतंय ते नीट सांग. इथं आपण दोघीच आहोंत. आणि हा गणपती, ह्याला तर अजून कान लावायचेत."

मला हसू आलं, आणि हसताना सगळं बाहेर पडलं. कुठं सोलतं, कुठं सुजतं, कुठं बधिर होतं. वन्संनी ऐकून घेतलं आणि हात पुसले.

"मग इतके दिवस कंबर कंबर काय लावलं होतंस?"

"काय सांगणार होते? कुणाला?"

मी त्यांना वाचलेलं सांगितलं. आपण बसतो ते खाली दोन हाडांवर. त्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकीचं वेगळं, आणि सीटचा मागचा भाग त्या अंतरापेक्षा थोडा रुंद लागतो. नाहीतर सगळं वजन मधल्या नाजूक भागावर येतं. ते अंतर मोजायला खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्यायचा, त्यावर बसायचं, आणि उमटलेले दोन खड्डे मोजायचे.

"पुठ्ठा कशाला? माती आहे की."

"वन्सं, गणपतीची माती..."

"गणपतीची त्याला लागली. ही उरलेली, तुळशीत जायची होती. तो दुसरा पाट घे."

त्यांनी उरलेली शाडू पाटावर थापली, वर पातळ प्लास्टिक घातलं. पायांखाली डबा ठेवला, म्हणजे गुडघे वर राहतील आणि हाडं नीट टेकतील. मी देवाच्या शेजारी, अर्धवट सोंड असलेल्या मूर्तीसमोर, घामट सायकलच्या चड्डीत मातीवर बसले. हे मी लिहितेय ते कुणाला खपणार नाही, हे मला माहीत आहे. न खपो. उठले तर दोन खड्डे स्वच्छ उमटले होते. वन्संनी शिवणाची टेप आणली आणि मलाच दटावलं, "कडेला नको धरूं. खड्ड्याच्या मधोमध धर." तेरा सेंटिमीटर निघालं. माझी सीट मागून जेमतेम तेवढीच होती, म्हणजे हाडं कडेवरून घसरत होती.

देवासच्या दुकानात गेले तर कप्तान आणि ग्रुपमधले आणखी दोघं चेनचं तेल घ्यायला आलेले. एक क्षण वाटलं, नंतर यावं. मग त्या वाटण्याचाच राग आला.

दुकानदार भियानं नेहमीप्रमाणे स्प्रिंगवाली रुंद सीट काढली. "भाभी, लेडीज़ सीट. एकदम सोफा है."

"भिया, सोफ्यावर बसून नव्वद किलोमीटर कोण जातं? मागून साडेपंधरा सेंटिमीटर रुंदीची, कडक सीट दाखव. आणि सायकल इथं स्टँडवर चढव, मी बसून बघते."

"घर ले जाके देख लो ना, भाभी."

"नाही. इथंच."

दाखवलेली सीट सरळ बसल्यावर झकास वाटली. हाडांचा प्रश्न मातीनं सोडवला होता. पण दांड्यांवर कोपरं टेकून वाकले, आणि पुन्हा तेच. वाकलं की बसण्याचा भार हाडांवरून सरकतो आणि पुढे येतो. हे मातीवर सरळ बसून कळणार नव्हतं.

"अब भी कमर में?" दुकानदारानं विचारलं.

कप्तान पुढं झाले. "वहिनी, असं करा, ह्या गोष्टी तुम्ही बायकांनी आपसात..."

"कप्तान, तुम्ही सीटचं नाक वर केलंत तेव्हा आपसात नव्हतं. आता ऐका. कंबर म्हटलं ते मी खोटं बोलले. जिथून लघवी होते तिथं दुखतं. वाकलं की सीटचं नाक तिथं दाबतं, सोलवटतं, मग बधिर होतं. भिया, ह्याला चालेल अशी सीट आहे का?"

कप्तान भिंतीवर टांगलेल्या ट्यूब वाचू लागले. दुकानदारानं कान खाजवला, आणि मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाला, "एक है. मँगाई थी, पड़ी है. दिखने में अजीब है, इसलिए कोई लेता नहीं."

तिला लांब नाक नव्हतंच. पुढं दोन आखूड, जाड बोटं, आणि दोन्हींच्या मधे मागपर्यंत मोकळी फट. बसून वाकले. मध्ये काही लागलं नाही. मी तशीच वाकून बराच वेळ पायडल मारत राहिले. ते तिघं तेल घेऊन गेले तरी मी उतरले नाही.

"ही नेते. रविवारी पटली नाही तर परत आणीन."

"भाभी, वापरी हुई सीट कौन वापस लेता है?"

"तू."

त्यानं घेतली असती असं मला अजून वाटतं, पण वेळ आली नाही. सोपंही गेलं नाही. पहिल्या दिवशी मांड्या आतून घासल्या, म्हणून सीट थोडी मागे घेतली. मग गुडघे ताणले, म्हणून उंची एक रेघ खाली आणली. नाक वर करायचं नाव नाही. उलट किंचित खाली. मग एका रविवारी धारहून मांडू आणि परत, सगळ्या सपाटीवर दांड्यांवर वाकून. उतरले तर पाय थकले होते, बाकी सगळं शाबूत होतं.

त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कप्तानांचा निरोप आला, फार सभ्य शब्दांत: महिलांनी सीटसंबंधीच्या अडचणी कृपया वेगळ्या ग्रुपवर मांडाव्यात.

मी त्याच ग्रुपवर उत्तर लिहिलं. हाडं कशी मोजायची, रुंदी किती घ्यायची, मऊ कव्हर का नको, वाकून चालवणारीला मधली फट का हवी. आणि जागांची नावं लिहिली, मराठीत, जशी आहेत तशी. थोड्या वेळानं खातेगावच्या एका बाईनं त्याखाली लिहिलं, मलाही तिथंच होतं. मग दुसरीनं. कप्तानांनी नंतर अंगठा टाकला. त्याचा अर्थ काय लावायचा तो त्यांनी लावावा.

नवऱ्यानं ते वाचलं. "सगळ्यांसमोर लिहिलंस? माझ्या कंपनीतले लोक आहेत त्यात."

"त्यांच्या बायकाही असतील कुठंतरी."

"आणि स्पर्धेतलं नाव?"

"ते तसंच आहे."

डिसेंबरात धरणावर गेले. निकालाच्या यादीत मला शोधायचं तर खालून सुरुवात केलेली बरी. नव्वद किलोमीटर मी दांड्यांवर वाकून होते. वाऱ्याला शिव्या घातल्या, त्या रस्त्याच्या ठेकेदाराला घातल्या. सीटला एकही घालावी लागली नाही.