भरमाण्णांची बेस गाडी

वडगावच्या भरमाण्णांना घरातल्या कशालाही नावं ठेवता येत नसत. माग बंद पडला तर "जरा इसावा घेतोय" म्हणत, आमटी खारट झाली तर उलट आणखी वाढून घेत. घरातली गोष्ट चारचौघांत वाईट म्हटली की तिचा अपमान होतो, असं त्यांचं साधं मत. अशा माणसावर स्वतःच्या नव्या मोटारीविरुद्ध तक्रार करायची पाळी यावी, म्हणजे देवानेच थट्टा मांडली म्हणायची.

मोटार घेतली ती बायकोसाठी. मालुबाईंचे गुडघे पार गेले होते, बसची पायरी चढवत नव्हती. कणकुंबीला माहेरी जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिथे म्हातारी आई, बायडाबाई, एकटी होती. भरमाण्णांनी दोन माग विकले, नंबर लावला आणि अठ्ठ्याऐंशी साली कोरी गाडी दारात आणली. मालुबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. झालं, गाडी घरातली झाली.

आणि ही घरातली गाडी कणकुंबीच्या वाटेवर जांबोटीच्या पुढे काही जाईना. चढ लागला की इंजिन तापायचं, धूर यायचा, गाडी जागच्या जागी बसायची. मालुबाई मागे पाय लांब करून गप्प राहायच्या आणि कुठल्यातरी ट्रकला दोर बांधून दोघं परत यायची. शोरूमवाले दर खेपेला गाडी ठेवून घेत आणि होती तशीच परत देत. एवढं होऊनही गल्लीत कुणी विचारलं, की भरमाण्णांचं उत्तर ठरलेलं, "लई बेस हाय."

शेवटी गल्लीतल्या कृष्णात वकिलाने मालुबाईंकडून खरं काढून घेतलं आणि नव्या ग्राहक कायद्याखाली बेळगावच्या ग्राहक मंचात दावा लावला. मागणी एकच, गाडी बदलून द्या.

सुनावणीला शोरूमच्या वकिलाने साक्षीदार म्हणून उभा केला तो शेजारचा रवळू. बिचारा खोटं बोलला नाही. म्हणाला, "भरमाण्णा सोताच सांगत्यात, गाडी लई बेस हाय म्हणून. समद्या गल्लीनं ऐकलंय." कृष्णातने कपाळाला हात लावला.

मंचाच्या अध्यक्षांनी भरमाण्णांनाच विचारलं, "असं म्हणत होता तुम्ही?"

"व्हय."

"मग तक्रार कसली?"

भरमाण्णा टोपी हातात घेऊन उभे. बाकावरून मालुबाई हळूच म्हणाल्या, "बोला की. मला आईकडं जायाचं हाय."

"गाडी वाईट हाय साहेब," भरमाण्णा म्हणाले. "पहिल्या दिसापासनं वाईट हाय. घरातलीला वाईट कसं म्हणायचं, म्हणून बोललो न्हाय." मग जे सुरू झाले ते थांबेचनात. कुठल्या वळणावर धूर निघाला, कुणी ओढून आणलं, बायको वाटेत कशी गप्प बसायची, सगळं सांगून टाकलं. अध्यक्षांनी गाडी तपासायला लावली. इंजिनात मुळातच दोष निघाला आणि गाडी बदलून द्यायचा हुकूम झाला.

बदललेली गाडी एका दमात कणकुंबीला पोचली. बायडाबाई दारात बसल्या होत्या. लेक खाली उतरली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"आठवण झाली व्हय गं आईची?" त्या म्हणाल्या. "जावई बसवाल्याकडनं सांगावा धाडतोय, मालू ठणठणीत हाय, काळजी करू नगा. म्हटलं, ठणठणीत हाय तर येत का न्हाय? माझं काय चुकलं, त्येच आठवत बसले हुते चार वर्सं."

भरमाण्णांच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते म्हातारीसमोर खाली बसले.

"मामी," ते म्हणाले, "हिचे गुडघे गेल्यात. येक पायरी चढवत न्हाय हिला."

म्हातारी भिंत धरून उठली आणि लेकीला हात द्यायला अंगणात उतरली.